कळा कुणी आणायच्या?

लग्नाच्या पंगतीत मी बसले की शेजारची खुर्ची फार वेळ रिकामी राहत नाही. कुणीतरी पोटुशी मुलगी, नाहीतर तिची आई, नाहीतर मावससासू ताट घेऊन येते, आधी बिसिबेळे भाताची तारीफ करते आणि मग आवाज खाली आणून विचारते, "डॉक्टर अक्का, हिचे दिवस भरलेत. कळा यायला काय द्यायचं हो?" माझ्या नवऱ्याला याचा वैताग येतो. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटतात! साठी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, पण बाळंतपणाचा विषय निघाला की मी समोरचं जेवण विसरते. प्रसूतिकक्षाचं दार ढकलताना मला अजूनही शाळेच्या सहलीच्या दिवशी सकाळी वाटायचं तसंच वाटतं.

मी चामराजपेटेची. आम्ही मराठी, पण आमच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरातच गेल्या. माझं छोटं प्रसूतिगृहही त्याच पेटेत होतं. वय झालं म्हणून ते बंद केलं आणि घरी बसून घरच्यांच्या इतकं डोक्यावर बसले, की मुलानंच व्हाइटफील्डच्या एका रुग्णालयात माझ्यासाठी शब्द टाकला. आता आठवड्यातले काही दिवस मेट्रोनं जाते. चामराजपेटेत मी डॉक्टर अक्का, तिकडे मॅम. चामराजपेटेतल्या बायका विचारतात, "नॉर्मल होईल ना?" व्हाइटफील्डच्या मुली विचारतात, "नॅचरल होईल ना?" पहिल्या प्रश्नाचा अर्थ, पोट न फाडता होईल ना. दुसऱ्याचा अर्थ, तुम्ही मला सुई, औषध, ड्रिप काही लावणार नाही ना. पहिलीला माझ्याकडून सगळं हवं असतं आणि दुसरीला मी कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी हवी असते.

दिवस उलटून गेले आणि बाळ यायचं नाव घेत नाही, की घराघरांतून उपाय निघतात. अननस, पपई, खजूर, जिने चढणं, फरशी पुसणं, झणझणीत जेवण, रिक्षातून खड्ड्यांच्या रस्त्यानं चक्कर. आणि एक उपाय असा, जो सासूसमोर कुणी विचारत नाही. माझं यावर सरळ म्हणणं असतं. चाल, हिंड, खजूर खा, नवऱ्याशी गुलुगुलू बोल. यानं फार काही होईल असं नाही, पण बिघडणार काही नाही आणि वाट बघणं जरा सुसह्य होतं.

कोरमंगल्यातलं एक जोडपं मी जन्मात विसरणार नाही. दोघंही कुठल्याशा स्टार्टअपमध्ये. तिखटानं कळा येतात असं त्यानं मोबाइलवर वाचलं आणि रोज रात्री आंध्रा जेवणाचा सपाटा लावला. बायकोला एकटं कसं खायला लावायचं, म्हणून स्वतःही तिच्या बरोबरीनं खायचा. शेवटी एक दिवस त्याच्याच पोटात असं काही उठलं की बायकोनं त्याला रिक्षात घालून आणलं! तो इमर्जन्सीत सलाइन लावून विव्हळतोय, ही शेजारी खुर्चीवर बसून त्याचं कपाळ पुसतेय, आणि तिथंच तिचं पाणी गेलं. ती शांतपणे चालत आमच्याकडे वर आली आणि तो खालून ओरडत होता, "मॅम, आधी तिला बघा!" बघितलं की. छान मुलगा झाला. पण मिरचीचा त्यात काही हात नव्हता, बाळाची वेळ भरली होती एवढंच.

आता आमच्याकडचे उपाय सांगते. गर्भपिशवीचं तोंड नऊ महिने घट्ट मिटलेलं असतं. बोटाला ते नाकाच्या शेंड्यासारखं लागतं. वेळ झाली की तेच ओठासारखं मऊ होतं. हे मऊ करायला आमच्याकडे जेल असतं, पाण्यानं फुगवायचा एक छोटा रबरी फुगा असतो आणि तोंड मऊ झाल्यावर कळा वाढवायला ड्रिप असते. ड्रिपला सगळ्या भितात. पण त्या ड्रिपला एक नळ असतो, माझ्या अंगठ्याएवढा. कळा जास्त झाल्या की तो मी फिरवते आणि थोड्याच वेळात कळा ओसरायला लागतात. नॅचरल की मेडिकल, असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, ते बंद कसं करायचं ते आधी सांग.

अर्थात आमची जमात काही धुतल्या तांदळासारखी नाही. तोंड नाकासारखं घट्ट असताना, डॉक्टरला दुसऱ्या दिवशी गावाला जायचंय म्हणून ड्रिप लावलेल्या बायका मी पाहिल्यात. ड्रिप लावून जवळ कुणीच न बसलेल्याही पाहिल्यात. नळ असून उपयोग काय, तो फिरवणारा हात जवळ नको? त्या बायका घरी जाऊन आपल्या मुलींना ड्रिपची जी गोष्ट सांगतात, ती ऐकून मुली एरंडेलाच्या बाटलीकडे वळतात. त्यांना मी तरी कोणत्या तोंडानं हसू?

एरंडेलाबद्दल मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. ते पोटात गेलं की आतडी पिळवटतात, जुलाब होतात आणि त्या गडबडीत कधी कधी पिशवीही जागी होते. कुणाला काही होत नाही, कुणाला नुसतेच जुलाब होतात आणि कुणाच्या कळांना खंडच राहत नाही. तुमचा नंबर यातला कुठला, ते प्यायच्या आधी कळत नाही. आणि एकदा गिळलं की त्याला नळ नसतो. हे मी शेकडो वेळा सांगितलं असेल. गायत्रीच्या घरच्यांना तर बोट नाचवून सांगितलं होतं.

गायत्री मूळची नागपूरची, नोकरी व्हाइटफील्डला, आयटीत. नवरा प्रसन्ना आमच्या चामराजपेटेचा, भांड्यांच्या दुकानवाल्यांचा मुलगा आणि माझ्याच हातावर जन्मलेला. गायत्रीचं पहिलं बाळ पायाळू होतं, त्यामुळे ते माहेरी सिझर करून काढलेलं. आता दुसऱ्याच्या वेळी ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "डॉक्टर, मला या वेळी नॅचरल हवंय. पहिल्या वेळी मला एकही कळ आली नाही. मी झोपले होते आणि कुणीतरी मला बाळ आणून दिलं. मला तो अनुभव घ्यायचाय."

काय सांगू, मला ती पोरगी तिथंच आवडली. बाळ नीट डोकं खाली करून बसलेलं, तब्येत उत्तम. मी म्हणाले, "करून बघू या! पण तुझ्या पिशवीवर जुना टाका आहे. कळा बेताच्या आल्या तर तो टिकतो. धडाधड आल्या तर उसवू शकतो, आणि उसवला तर तुझ्या आणि बाळाच्या, दोघांच्या जिवाशी गाठ. म्हणून जेल मी लावणारच नाही. आपण वाट बघू. नाहीच आल्या तर फुगा घालू. लागलीच तर ड्रिप अगदी थेंबाथेंबानं, आणि मी शेजारी बसून."

"ड्रिप नकोच ना," ती म्हणाली.

"नको तर नको. आधी फुग्याचं बघू."

तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना दोन आज्या बसल्या होत्या. उजवीकडे सासू, लीलाक्का, माझ्यासारखीच बेंगळुरी मराठी आणि माझी जुनी पेशंट. डावीकडे आई, सुलभाताई, नागपूरहून बाळंतपणाला आलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. एकाच घरात राहून दोघींचं चहाच्या साखरेवरसुद्धा एकमत नव्हतं, असं प्रसन्नानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी दोघींकडे बघून बोट नाचवलं. "घरी एरंडेल कुणी पाजायचं नाही. थेंबभरसुद्धा नाही."

"सरी अक्का," लीलाक्का म्हणाली.

"नाही जी, कायले पाजू?" सुलभाताई म्हणाल्या.

दिवस उलटले, कळा आल्या नाहीत. ठरल्याप्रमाणे गायत्री सकाळी भरती झाली. मी फुगा घातला. त्यात औषध काही नसतं, तो आतून तोंडावर नुसता हळूहळू दाब देतो. मी तिला म्हणाले होते, याला कदाचित रात्र होईल, झोप काढ. पण दुपार व्हायच्या आत फुगा आपोआप बाहेर पडला आणि तिला कळा सुरू झाल्या! चांगल्या, जोमदार. ड्रिपचं नावसुद्धा काढायची गरज पडली नाही. गायत्री पलंगाचा कठडा धरून डुलत होती, घामेजली होती आणि हसत होती. "डॉक्टर, हीच ना? हीच ना कळ?"

"हीच गं बाई हीच!" मीही तिच्याबरोबर डुलत होते. माझ्या हाताखालची तरुण डॉक्टर निशा मला म्हणते की मॅम, तुमचं बीपी तपासलं पाहिजे. तपासा म्हणावं. अशा दुपारींसाठीच तर मी ही नोकरी धरलीय.

पण तास-दीड तासात माझं डुलणं थांबलं. गायत्री एकसारखी संडासला जात होती. बाळंतपणाच्या सुरुवातीला पोट साफ होतं, त्यात नवल नाही, पण हे जास्तच होतं. तिच्या ओठांना कोरड पडली होती. आणि दोन कळांच्या मध्ये जी उसंत मिळायला हवी, जिच्यात बाई पाणी पिते, नवऱ्याला शिव्या घालते, ती मिळतच नव्हती. मी तिच्या पोटावर हात ठेवला. कळ गेली की पोट मऊ पडलं पाहिजे. ते पडत नव्हतं. ड्रिप लागलेली नाही, जेल घातलेलं नाही, मग या कळा आणतंय कोण?

"गायत्री, काही औषध घेतलंस का?"

"नाही डॉक्टर. औषध नाही घेतलं काही."

मी बाहेर आले. दोघी आज्या बाकावर दोन टोकांना बसल्या होत्या. मी घाईतच विचारलं, "एरंडेल पाजलंत का तिला? खरं सांगा, मी रागावणार नाही." अर्थात मी रागावणार होतेच.

लीलाक्कानं गळ्याला हात लावला. "देवाशपथ अक्का, मी पाजलं नाही."

आणि सुलभाताई, ज्या इतके दिवस विहीणबाईंच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढत होत्या, त्या पहिल्यांदाच तिची बाजू घेऊन उठल्या. "नाही हो डॉक्टर, त्यांनी काहीच नाही दिलं. रात्री बहिणीशी फोनवर बोलून राहिल्या होत्या ना, मी ऐकलं. 'तिला स्वल्प तेल घातलंय' म्हणे. डोक्यावर तेवढं तेल घातलं त्यांनी. दुसरं काही नाही."

डोक्यावर! नागपुरात तेल घालतात ते डोक्यावर. पण आम्हा बेंगळुरी मराठ्यांच्या जिभेवर कन्नडनं कधीच घर केलंय आणि तिथं जे काही करायचं ते 'घालायचं' असतं. आम्ही पाहुण्यांना कॉफी घालतो, खोलीत फॅन घालतो, भातावर सार घालतो, मुलांना शाळेतसुद्धा घालतो. लीलाक्कानं 'तेल घातलं' म्हटलं तर ते डोकं सोडून कुठंही गेलेलं असू शकतं.

"लीलाक्का, तेल कशात घातलंस?"

ती पदराशी चाळा करायला लागली. "पोळीच्या पिठात, अक्का. मळताना. तुम्ही पाजू नका म्हणाला, म्हणून पाजलं नाही की. जेवणात घातलं. आमच्या सासूनं मला पण असंच घातलं होतं. स्वल्पच."

"कसलं तेल?"

"हरळेण्णे."

हरळेण्णे म्हणजे कन्नडमधलं एरंडेल. मी वळणार एवढ्यात सुलभाताईंचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला. त्यांनी विहिणीचा हात धरला होता. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "सकाळी निघताना सुंठीच्या काढ्यात मी पण टाकलं होतं. मला वाटलं, कुणीच काही दिलं नाही, आता पोरीले ड्रिप लावतील. गायत्रीच्या वेळेस मला लावली होती जी. लावून सगळे निघून गेले होते. मी भिंतीवर डोकं आपटून घेत होते. माझ्या पोरीच्या नशिबी ते नको, एवढंच होतं मनात."

कुणावर ओरडू? ओरडायला वेळही नव्हता. आतून सिस्टर जयम्मानं मला हाक मारली आणि तिच्या आवाजावरूनच मी धावले.

बाळाच्या ठोक्यांचा आवाज त्या खोलीत सतत चालू असतो, टपटप टपटप, पळत्या घोड्यासारखा. तो घोडा अडखळत होता. आम्ही गायत्रीला डाव्या कुशीवर वळवलं, सलाइन धो धो सोडलं, नाकाला ऑक्सिजन दिला. निशानं सवयीनं ड्रिपच्या खांबाकडे हात नेला, नळ बंद करायला, आणि तो हात हवेतच राहिला. तिथं ड्रिपच नव्हती. मी पिशवी सैल पाडायचं इंजेक्शन दिलं आणि पोटावर हात ठेवून उभी राहिले. अशा वेळी डॉक्टरच्या हातात खरोखर एवढंच असतं, हात ठेवायचा आणि वाट बघायची. पोट हळूहळू मऊ झालं. ठोके चढले. आधी एकेक, मग घोडा पुन्हा पळायला लागला. जयम्मानं "अप्पा!" म्हणून मोठा श्वास सोडला आणि आम्ही तिघी एकमेकींकडे बघून हसलो. मी निशाला हळूच सांगितलं, ऑपरेशन थिएटर तयार ठेव, भूलवाल्यांना बोलाव.

गायत्रीनं ते ऐकलंच. "कशाला? ठोके आले ना परत? डॉक्टर, मला जमतंय हो. तुम्हीच म्हणालात ना की तोंड छान उघडतंय?"

उघडत होतंच! निम्म्याहून जास्त उघडलं होतं. मलाही ते बाळ खालूनच यायला हवं होतं, तिच्याइतकंच हवं होतं. मी थांबले असते. पण तेवढ्यात तिनं ओटीपोटावर, जुन्या टाक्याच्या जागी हात दाबला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इथं दुखतंय?"

"हं."

"आता कळ आहे का?"

"नाही. कळ गेली. पण हे जातच नाहीये."

या धंद्यात मी काही वाक्यांची वाट बघते आणि काहींना भिते. हे त्यातलं सगळ्यात भीतीचं. कळ गेल्यावरही जुन्या टाक्यापाशी दुखत राहिलं, तर टाका बोलतोय असं समजायचं. इंजेक्शनचा जोर थोडा वेळच टिकणार होता आणि तेल तिच्या आतड्यात होतंच. मी तिच्या तोंडाजवळ वाकले.

"गायत्री, ऐक. या कळा ड्रिपनं आलेल्या असत्या तर मी ड्रिप बंद केली असती आणि तुझ्याबरोबर संध्याकाळपर्यंत थांबले असते. पण तुझ्या पोटात एरंडेल गेलंय. ते मला बंद करता येत नाही."

"पण मी घेतलंच नाही!"

"काढ्यात होतं. पोळीत होतं."

तिनं डोळे मिटले. "तरीच पोळ्या इतक्या मऊ होत्या," ती पुटपुटली. मग डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. तेवढ्यात पुढची कळ चढायला लागली. तिनं माझा हात असा धरला की अंगठी रुतली. "चला," ती म्हणाली. "लवकर चला, डॉक्टर."

आणि आम्ही निघालो! जयम्मा स्ट्रेचर ओढतेय, निशा सलाइन उंच धरून पळतेय, प्रसन्ना सहीसाठी पेन शोधतोय आणि सापडत नाही म्हणून माझ्याच खिशातलं घेतोय, मी गुडघे विसरून धावतेय. भूलवाल्या डॉक्टरनं पाठीत सुई दिली, गायत्री जागी होती, मध्ये हिरवा पडदा. मी पोट उघडलं.

टाका सुटलेला होता. वरचं एक पातळ आवरण तेवढं शाबूत होतं, काचेसारखं, आणि त्यातून आरपार दिसत होतं. आत पाणी हलत होतं आणि पाण्यात काळे केस. बाळाच्या डोक्यावरचे केस, इकडून तिकडे डुलणारे! इतकी वर्षं मी हे काम केलंय, पण आईच्या पिशवीच्या भिंतीतून बाळाचे केस मी पहिल्यांदाच पाहत होते. भीती वाटली, प्रचंड वाटली, आणि त्याच क्षणी ते दृश्य इतकं सुंदर होतं की निशा आणि मी श्वास घ्यायला विसरलो.

"डॉक्टर, फाटलं का?" पडद्यामागून आवाज आला.

"नाही," मी म्हणाले. ते अगदी खरं होतं, पण तेवढ्यापुरतंच. मी त्या पापुद्र्याला सुरीचं नुसतं टोक लावलं आणि पाणी उसळलं, हात घातला, डोकं वर आलं, खांदे आले आणि पोरीनं बाहेर येताच असा टाहो फोडला की भूलवाले डॉक्टर दचकले. मुलगी! लालबुंद, चिडलेली, ठणठणीत मुलगी! जयम्मानं तिला आईच्या गालाशी नेलं.

गायत्री रडत होती. "नॅचरल नाही झालं ना," ती म्हणाली.

"अगं, बोंबलतेय बघ कशी," मी टाके घालता घालता म्हणाले. "तेवढं नॅचरल पुरे की. आणि कळा तुला आल्या. त्या तुझ्याच होत्या."

"आल्या," ती म्हणाली आणि रडता रडता हसली. "भयंकर असतात हो त्या."

टाका तेलानंच सुटला, हे मी शपथेवर सांगणार नाही. जुने टाके कधी कधी साध्या कळांनीही सुटतात. त्याची जोखीम मी तिला आधी सांगितली होती आणि तिनं ती पत्करली होती. पण आपल्या कळा मोजून याव्यात, शेजारी कुणीतरी लक्ष ठेवायला असावं, एवढीच तिची तयारी होती. जे आलं त्याला मोजमाप नव्हतं, आणि आणणाऱ्यांना आपण काय आणतोय याचा पत्ता नव्हता. आणखी चार कळा आल्या असत्या तर काय झालं असतं, हे मला माहीत आहे. मी ते पाहिलेलंही आहे. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

हात धुऊन मी बाहेर आले तेव्हा माझा संताप उफाळून आला होता. भाषण तयार होतं, मराठीत आणि कन्नडमध्ये. बाकावर दोघी आता एका टोकाला बसल्या होत्या, एकमेकींचा हात हातात घेऊन. मला बघून उठल्या.

"मुलगी झाली. दोघी ठीक आहेत," मी म्हणाले. आधी ते सांगणं भागच होतं. "आता नीट ऐका. टाका सुटला होता. पिशवीवर नुसता पापुद्रा उरला होता. इतका पातळ, की त्यातून मला पोरीच्या डोक्यावरचे केस दिसले. समजतंय का मी काय सांगतेय? आतले केस मला बाहेरून दिसले."

सुलभाताईंना समजलं. त्या मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबला. मी पुढचं वाक्य बोलणार, तेवढ्यात लीलाक्का म्हणाली, "केस आहेत, अक्का? डोकंभर?"

मी तोंड उघडलं ते रागवायला. पण माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा ते पाणी आलं आणि त्यात हलणारं ते सगळं काळं काळं.

"डोकंभर आहेत," मी म्हणाले. "काळेभोर. मी एवढे केस घेऊन आलेलं बाळ फार क्वचित पाहिलंय."

तेव्हा कुठं तिचा बांध फुटला. तिनं दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. "अय्यो अक्का," ती म्हणाली, "एवढ्या केसांच्या पोरीला मी मारली असती की हो."